घरात आलेली शाळा आणि दुसऱ्या बाळाचा प्रश्न

हे प्रकरण सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या, कमी पावसाच्या पट्ट्यातलं आहे. जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत पहिली-दुसरी सांभाळणाऱ्या एक शिक्षिका, वय ३३, मुलगी साडेचार वर्षांची. मी तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात कुटुंब नियोजनाचं समुपदेशन करते. त्यांच्या परवानगीनेच लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. गावात मुलं आणि पालक त्यांना 'बाई' म्हणतात, इथेही तेच ठेवते.

फेब्रुवारी २०२१ मध्ये बाई आल्या त्या पाळी लांबली म्हणून. 'निश्चय' या गर्भतपासणीच्या किटवर तपासणी केली, नकारात्मक आली. आठवड्याने पुन्हा केली, तीही नकारात्मक. कागदोपत्री काम तिथेच संपत होतं. पण पहिल्या तपासणीनंतर बाई बाकावरून उठल्याच नाहीत. म्हणाल्या, "ताई, किटवर एकच रेघ दिसली तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? आता रात्री पुस्तक उघडता येईल. आईच्या मनात असं यावं का?"

आमच्या नोंदवहीत या प्रश्नाला रकाना नाही. वय, मुलं किती, धाकट्याचं वय, शेवटच्या पाळीची तारीख, आधी कुठलं साधन वापरलं, एवढं आम्ही विचारतो. दिवसातला कुठला तास तुमच्या हाती असतो, हे कुणी विचारत नाही. बाईंच्या प्रकरणात सगळा गुंता त्या एका तासाभोवती होता, म्हणून आधी त्या तासाबद्दल.

वाचनाचा तास

बाईंचं वाचन डी.एड.च्या वसतिगृहात सुरू झालं. लग्न होऊन या तालुक्यात आल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते सार्वजनिक वाचनालयाचं सभासदत्व घेण्याचं, स्वतःच्या नावावर. एका वेळी दोन पुस्तकं मिळायची. दिवाळीत जादा वर्गणी भरली की दिवाळी अंक आळीपाळीने घरी नेता यायचे. शनिवारी सकाळची शाळा सुटली की वाचनालय, मग भाजी, मग एसटी, असा क्रम ठरलेला. बायकांची आत्मचरित्रं, प्रवासवर्णनं, शेतीविषयक काही, कविता फार नाहीत.

वाचायची वेळ रात्री साडेनऊची. भांडी झाली, मुलगी झोपली की तास-सव्वा तास. सासूबाईंना हे खटकत असे, पण त्या बोलत नसत. बाई त्यांना आत्या म्हणतात. आत्यांच्या मते सुनेला दुसरं व्यसन नाही, मग एवढं चालायचंच.

हा तास चैनीचा नव्हता, असं मला बाईंशी बोलल्यावर ठामपणे वाटतं. पहिली-दुसरीच्या मुलांना रोज शाळा सुटण्याआधी पंधरा मिनिटं गोष्ट वाचून दाखवायची त्यांची पद्धत होती, आणि ती गोष्ट आदल्या रात्रीच्या वाचनातून निघत असे. मोठ्यांच्या पुस्तकातला एखादा प्रसंग सोपा करून सांगितला तरी मुलं ऐकतात, हे त्यांनी स्वतः करून पाहिलेलं. वर्गातल्या बाई आणि रात्री वाचणाऱ्या बाई एकच होत्या. एकीचा तास काढून घेतला की दुसरीचं काम पातळ होतं. शिक्षकांच्या वाचनाबद्दल प्रशिक्षणांत पुष्कळ बोललं जातं. शिक्षिकेच्या घरी ते वाचन नेमक्या कुठल्या वेळेत बसतं, हे मात्र मी अजून कुठल्या प्रशिक्षणात ऐकलेलं नाही.

शाळा घरात आली

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या. राज्याच्या शैक्षणिक संशोधन परिषदेने 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' ही अभ्यासमाला सुरू केली. रोजचे धडे, दीक्षा अ‍ॅपवरच्या लिंका, सगळं व्हॉट्सअ‍ॅपवरून खाली येऊ लागलं. जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही शैक्षणिक मालिका सुरू झाली. बाईंनी दोन्ही वर्गांच्या पालकांचे गट केले आणि सकाळी दहाला अभ्यास टाकायला लागल्या.

सकाळी दहाला तो अभ्यास कुणीच पाहत नसे. घरात स्मार्टफोन एकच, तो बापाच्या खिशात, आणि बाप रानात, नाहीतर गवंडीकामावर. फोन घरी यायचा तो दिवेलागणीला. मग चार्जिंग, मग मोठ्या भावाचा अभ्यास, मग धाकट्याची पाळी. पहिलीतल्या पोराने पाटीवर गिरवलेल्या अक्षरांचा फोटो बाईंकडे पोहोचायचा तो रात्री नऊ ते अकराच्या दरम्यान. सोबत आईचा आवाजी निरोप: "बाई, ह्याला 'श' येत न्हाई, कसा काढायचा सांगा की." अशा निरोपाला उद्या बघू म्हणून सोडता येत नाही. ती आई स्वतः चौथीनंतर शाळेत गेलेली नव्हती आणि पोराजवळ बसली होती.

वाचनाचा तास गेला तो असा. कुणी हिसकावून घेतला नाही. गावातले फोन रात्रीच घरी येतात, म्हणून शाळाही रात्रीच भरू लागली.

त्याच फोनवर बाईंनी काही पुस्तकांच्या पीडीएफ ठेवल्या होत्या. गृहपाठाच्या फोटोंनी फोन भरला तेव्हा सगळ्यात आधी त्या काढून टाकाव्या लागल्या. वाचनालय बंद होतं. राज्यातली ग्रंथालयं पुन्हा उघडायला परवानगी मिळाली ती १५ ऑक्टोबर २०२० पासून, म्हणजे वाचन प्रेरणा दिनी. त्या दिवसांत बाई 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेच्या सर्वेक्षणात घरोघर ताप आणि ऑक्सिजन मोजत फिरत होत्या. वाचनालय उघडल्याचं त्यांना दिवाळीत कळलं.

एक गोष्ट मात्र त्यांनी सोडली नाही. रोजची गोष्ट. पहाटे पाचला उठून धान्याच्या खोलीत पोत्यांच्या मधे बसायचं, कारण तिथे आवाज घुमत नाही, आणि सात-आठ मिनिटांची गोष्ट वाचून गटावर टाकायची. मुलं ती रात्री झोपताना ऐकत. काही घरांत आज्याही ऐकत. ऑनलाइन शिकवण्यातलं सगळ्यात जास्त पोहोचलेलं काम कुठलं, असं मला विचाराल तर ते हेच. आवाजी निरोप हळू नेटवर्कवरही उतरतो, व्हिडिओ उतरत नाही. पण बाईंचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे: "वाचत होते ताई, रोज वाचत होते. फक्त माझ्यासाठी नाही."

"आता घरीच आहेस तर"

दुसऱ्या बाळाचा विषय आत्यांनी काढला तो जुलै २०२० मध्ये. त्यांचा हिशोब सरळ होता. शाळा बंद, सून घरी, पगार चालू. बाळंतपणाची १८० दिवसांची रजाही वाचेल. मुलगी मोठी होत चालली. "आता घरीच आहेस तर होऊन जाऊ दे दुसरं."

आत्या दुष्ट नाहीत. घरातलं कुठलंही काम त्या सुनेवर टाकून बसत नाहीत, नातीला त्याच सांभाळतात. पण सून फोन घेऊन बसली आहे एवढंच त्यांना दिसत होतं. शाळेत जाणारी बाई डोळ्यांना दिसते: साडी, पिशवी, एसटी, संध्याकाळी दमून परत. घरी बसून चाळीस घरांतल्या पोरांना शिकवणारी बाई दिसत नाही. काम घरात शिरलं आणि दिसेनासं झालं, आणि न दिसणाऱ्या कामाची वेळ घरच्यांनी रिकामी धरली. माझ्या मते या प्रकरणाचं मूळ इथे आहे. नणंदेने, शेजारणीने, फोनवरून माहेरच्या मावशीनेही त्या वर्षी हेच विचारलं.

सरकारी नोकरीत शिरताना लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. २००५ च्या नियमांनी दोन मुलांची मर्यादा घातली. घराघरांत या मर्यादेचा अर्थ उलटा लागलेला मी पाहते: दोनपर्यंत चालतं म्हणजे दोन हवीतच. बाईंच्या घरातही तेच. एका मुलीवर थांबायचं, हा पर्याय कुणी तोंडाने उच्चारलेलाच नव्हता. खुद्द बाईंनीही नाही.

त्यांना दुसरं मूल नको होतं का? तसं नाही. मी दोन वेळा वेगवेगळ्या शब्दांत विचारलं, उत्तर एकच आलं: "हवं असेल कदाचित. पण आत्ता नाही. आणि मोकळी आहेस म्हणून नाही."

गोळ्या आणि डोकेदुखी

मुलीच्या जन्मानंतर जोडप्याचं साधन म्हणजे निरोध, तोही नियमित नाही. जसा प्रत्यक्षात वापरला जातो तसा निरोध वापरणाऱ्या शंभर जोडप्यांमागे वर्षाला साधारण तेरा गर्भधारणा होतात. ऑगस्ट २०२० मध्ये दडपण वाढल्यावर बाईंनी 'माला-एन' ही रोज घ्यायची गर्भनिरोधक गोळी सुरू केली आणि घरात सांगितलं नाही. पाकीट शिकवण्याच्या साहित्याच्या पेटीत, अक्षरकार्डांच्या खाली. गोळी रात्री जेवणानंतर घ्यायची, आणि ती वेळ गृहपाठाच्या निरोपांची. दोन गोळ्या लागोपाठ चुकल्या, पाळी लांबली, आणि बाई माझ्यासमोर आल्या.

डोकेदुखी त्यांनी सहज जाता जाता सांगितली. मोबाइलमुळे डोकं धरतं, एवढंच. मी विचारलं, दुखायच्या आधी डोळ्यांपुढे काही होतं का? तर हो: नागमोडी चमकती रेघ, वीसेक मिनिटं, मग एका बाजूला ठणका, मळमळ. असं कॉलेजपासून अधूनमधून होत होतं, त्या वर्षी वाढलं होतं.

इथे थांबून सांगते, कारण हे वाचणाऱ्या कुणाला तरी उपयोगी पडेल. दुखण्याआधी डोळ्यांपुढे अशी चमक येत असेल तर ती अर्धशिशीची एक विशिष्ट जात असते, आणि तिच्यात इस्ट्रोजेन हे हार्मोन असलेल्या गोळ्या घेऊ नयेत. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका वाढतो. माला-एनमध्ये इस्ट्रोजेन असतं. 'डोकं दुखतं' एवढ्याने हे कळत नाही, चमकेबद्दल वेगळं विचारावं लागतं, आणि दुखणाऱ्या स्त्रीनेही ते वेगळं सांगावं लागतं. डॉक्टरांनी तपासून त्याच दिवशी गोळ्या बंद केल्या.

मग पर्याय मांडले. 'अंतरा' इंजेक्शन तीन महिन्यांनी एकदा. घरात पाकीट लपवायला नको हा फायदा, पण या प्रकारच्या अर्धशिशीत डॉक्टरांना ते पहिल्या पसंतीचं वाटलं नाही. शिवाय थांबवल्यावर दिवस राहायला शेवटच्या इंजेक्शनपासून सात ते दहा महिने लागू शकतात. 'छाया' गोळीत हार्मोन नाही. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत ती तयार झाली. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, पुढे आठवड्यातून एकदा. वेळापत्रकाच्या माणसाला सोयीची. पण सुरुवातीच्या महिन्यांत पाळी पुढे जाते. बाई लगेच म्हणाल्या, "पाळी लांबली की माझा जीव पुन्हा टांगणीला. नको." तांबी, म्हणजे कॉपर-टी ३८० ए: दहा वर्षं चालते, हवी तेव्हा काढता येते, हार्मोन नाही. पहिले तीन ते सहा महिने रक्तस्राव आणि कळा वाढतात. बाईंचं हिमोग्लोबिन ११.२ होतं, थोडं कमी. त्यामुळे लोहाच्या गोळ्या आणि वरचेवर तपासणी आली.

शस्त्रक्रियेचंही बोललो. एक मूल वर्षाच्या वरचं असलं तरी ती करता येते, दोन मुलांची अट नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. बाईंनी नको म्हटलं. निर्णय कायमचा बंद करायचा नव्हता.

पेटीतली गोळी आणि कर्व्यांचं पुस्तक

दुसऱ्या भेटीला बाईंच्या पिशवीत वाचनालयाचं पुस्तक होतं: र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकातल्या निवडक लेखांचं. मला आश्चर्य वाटलं नाही. विषय छळू लागला की वाचणारा माणूस कपाटाकडेच जातो. कर्वे गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं, मेरी स्टोप्स यांनी लंडनमध्ये काढलं त्याच वर्षी. या कामापायी १९२५ मध्ये प्राध्यापकी गेली. जुलै १९२७ पासून हे मासिक काढलं आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत ते चालवलं. अश्लीलतेचे खटले झाले, त्यातला १९३४ चा खटला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांच्या बाजूने लढवला. मूल होऊ द्यायचं नाही हा निर्णय त्यांनी आणि त्यांच्या पत्नी मालतीबाईंनी मिळून घेतला होता.

बाई या पुस्तकाबद्दल बराच वेळ बोलल्या. शंभर वर्षांपूर्वी एक मास्तर हे छापून सांगत होता आणि त्यापायी नोकरी घालवून बसला, आणि मी मास्तरीण असून पाकीट अक्षरकार्डांखाली लपवते, हे त्यांना लागलं होतं. मी त्यांना एवढंच म्हटलं की कर्वे अनोळखी वाचकांशी बोलत होते, तुम्हाला ज्यांच्या हातचं जेवता त्यांच्याशी बोलायचं आहे. ते जास्त अवघड आहे. पुस्तकाने बाईंना शब्द दिले, युक्तिवाद दिला, सोबतही दिली. ऐकणारं माणूस घरातच शोधावं लागणार होतं.

घरातली बोलणी

तिसऱ्या भेटीला बाईंचे मिस्टर आले. दूध संघाच्या शीतकरण केंद्रावर कामाला, पहाटे बाहेर पडणारे. गोळ्यांचं त्यांना बाईंनी आदल्या रात्री सांगितलं होतं. रागावले नव्हते, गोंधळले होते: "मला का नाही सांगितलं?" बाईंनी बरोबर आणलेल्या वहीत एका आठवड्याचं वेळापत्रक होतं, शाळेच्या वेळापत्रकासारखंच आखलेलं, पहाटे पाच ते रात्री साडेअकरा. ते त्यांनी नवऱ्यासमोर ठेवलं. तो माणूस ते पुरतं वाचल्यावरच बोलला. दुसऱ्या मुलाचे तास यात कुठे बसवायचे, हा प्रश्न बाईंनी विचारलाच नाही. मिस्टरांनीच विचारला.

पुरुषांच्या बिनटाक्याच्या शस्त्रक्रियेची माहिती मी प्रत्येक जोडप्याला देते. भूल फक्त त्या जागेपुरती, पंधरा-वीस मिनिटांचं काम, त्याच दिवशी घरी. परिणाम यायला तीन महिने लागतात, तोवर दुसरं साधन वापरायचं आणि मग वीर्यतपासणी करून खात्री करायची. अशक्तपणा येत नाही. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशात ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांनी स्वतः शस्त्रक्रिया करून घेतलेली होती आणि पुरुषांच्या शस्त्रक्रियेचं प्रमाण ०.३ टक्के होतं. हे आकडे मला दर वेळी अस्वस्थ करतात. याही जोडप्याने तो पर्याय घेतला नाही, आणि दुसऱ्या मुलाचा विचार खुला असताना ते योग्यच होतं.

आत्यांशी बोललं कोण, तर बाईंचे सासरे. निवृत्त प्राथमिक शिक्षक. आणीबाणीत नव्या नोकरीत असताना त्यांना शस्त्रक्रियेच्या 'केसेस' आणायला गावोगाव धाडलं गेलं होतं. शिक्षकांना अशी कामं लावून पगार आणि बढत्या त्यावर टांगल्याचं आणीबाणीतल्या अतिरेकांची चौकशी करणाऱ्या शहा आयोगापुढे आलंच आहे. उद्दिष्टं ठरवून देण्याची ही पद्धत केंद्राने मागे घेतली ती १९९६ साली. या विषयावर ते घरात कधी चकार शब्द काढत नसत. त्या आठवड्यात जेवताना ते आत्यांना म्हणाले, "लोकांच्या दारात जाऊन हेच विचारत फिरलोय मी. माणसं मागच्या दाराने रानात पळायची. आपल्या घरात ते नको." आत्या त्यावर काही बोलल्या नाहीत. पटलं असं नाही, पण विषय थांबला.

पुढे

मार्च २०२१ मध्ये पाळीच्या चौथ्या दिवशी तांबी बसवली. पहिल्या तीन पाळ्या जड गेल्या, एकदा बाई काढून टाका म्हणायलाच आल्या होत्या. आम्ही तपासलं, तांबी जागेवर होती, दुखण्याची गोळी आणि लोह चालू ठेवलं. पाचव्या महिन्यापासून त्रास कमी झाला. माला-एन थांबल्यावर डोकेदुखीच्या खेपा कमी झाल्या, पूर्ण गेल्या नाहीत.

रात्रीची शाळा बंद केली ती बाईंनी स्वतः. दुसरी लाट ओसरल्यावर जूनपासून त्यांनी आणि मुख्याध्यापकांनी स्वाध्यायपत्रिका छापून घेतल्या आणि आठवड्यातून तीन दिवस वस्त्यांवर देवळाच्या ओट्यावर चार-चार, पाच-पाच मुलं बसवली. व्हॉट्सअ‍ॅपवर राहिली फक्त पहाटेची गोष्ट. जिथे शिक्षक गावात पोहोचू शकतो तिथे लहान मुलांना फोनवरून शिकवण्याचा हट्ट धरू नये, असं माझं मत या एका शाळेवरून झालं आहे, आणि या भागातल्या इतर शिक्षिकांशी बोलून ते पक्कं झालं. रात्री साडेनऊनंतरचे निरोप तरीही येत. मिस्टर त्या वेळी मुलीला घेऊन झोपत आणि बाईंचा फोन आपल्या उशाशी ठेवत. बाई स्वयंपाकघरात दिवा लावून वाचत. रोज नाही. आठवड्यातून तीन-चार रात्री.

ग्रामीण भागात पहिली ते चौथीचे वर्ग भरले ते १ डिसेंबर २०२१ पासून. त्यानंतर बाई एकदा तपासणीला आल्या. तांबी काढल्यावर दिवस राहायला किती थांबावं लागतं, असं त्यांनी विचारलं. थांबावं लागत नाही, पुढच्या पाळीपासूनही राहू शकतात, असं मी सांगितलं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. जिल्ह्यांतर्गत बदल्यांची यादी लागायची होती. नवी शाळा घरापासून किती लांब पडते आणि मुलगी पहिलीत रुळते का, हे पाहून दोघं ठरवणार आहेत.